आराखड्यातलं मैदान वाचवायचं असेल तर आधीच लेखी सूचना द्या

शहराचा प्रारूप विकास आराखडा आला की लोक न पटणाऱ्या रस्त्यावर हरकत घेतात, पण चांगल्या आरक्षणाबद्दल, म्हणजे मैदान-बागेसारख्या सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या जागेबद्दल, गप्प बसतात. आरक्षण उठवा म्हणणारा जागामालक मात्र अर्ज देतोच, आणि हरकती-सूचना ऐकणाऱ्या नियोजन समितीपुढे त्याचीच बाजू येते. म्हणून पाठिंबाही लेखी द्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम २६ खाली हरकतींइतक्याच सूचनाही मागवलेल्या असतात.

१. सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि आरक्षण क्रमांक नकाशावरून उतरवून घ्या. ‘आमच्या सोसायटीमागचं मैदान’ एवढ्यावर भागत नाही.

२. एका अर्जात एकच मुद्दा. नकाशाच्या तेवढ्या भागाची प्रत खूण करून जोडा.

३. शेवटी ‘मला सुनावणीला बोलवावे’ हे वाक्य हवंच. कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. हे वाक्य बहुतेक जण विसरतात.

४. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुदत राजपत्रातल्या नोटिशीतच पाहा, ऐकीव तारखेवर थांबू नका. नगरसेवकाला तोंडी सांगितलेलं नोंदीत येत नाही.