ट्रॅक्टरला बर्फाची चेन लावताय? या चुका टाळा

छोट्या ट्रॅक्टरवर बर्फ काढणाऱ्यांच्या तक्रारी दर हिवाळ्यात त्याच असतात. चेन, म्हणजे घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या (आतून-बाहेरून एकेक आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या), निसटली, मडगार्ड चेपला, उतारावर ट्रॅक्टर घसरून आडवा फिरला. मग सगळा दोष चेनच्या दर्जावर. मी जेव्हा जेव्हा खाली वाकून पाहिलं, तेव्हा चेन बहुतेक वेळा चांगलीच होती. ती घाईत चढवलेली होती.

मला सर्वात जास्त खटकते ती चूक म्हणजे चेन एकदा आवळली की झालं, असं समजणं. उभ्या ट्रॅक्टरवर तुम्ही कितीही जोर लावून ओढा, चेन तेव्हा पूर्ण बसलेली नसतेच. चाकं फिरायला लागली की आडव्या साखळ्या टायरच्या नक्षीत बसतात, पिळलेल्या कड्या सरळ होतात आणि मघाशी घट्ट वाटलेली चेन लोंबायला लागते.

ओळखीच्या एकाने नवी कोरी चेन लावली, वरून रबरी टेन्शनर (चेन ताणून धरणारा रबराचा पट्टा) ताणला आणि थेट कामाला लागला. थोड्याच वेळात आतल्या बाजूची साखळी ढिली होऊन तिचा हुक सुटला. मी पोचलो तोवर सुटलेलं टोक दर फेऱ्याला आपटून मडगार्डचा पत्रा आतून अर्धगोलात चेपला होता, रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं. मागच्या हायड्रॉलिक पाईपचं रबर सोलून आतली तारांची जाळी दिसत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर पाईप फुटलाच असता. चेनच्या एकाही कडीला तडा नव्हता. त्याला आवाज ऐकू आला होता, पण चेन आहे म्हणजे आवाज येणारच, म्हणून तो चालवत राहिला. सततची खळखळ असली तर चालतं. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडत असेल, तर त्याच क्षणी थांबायचं.

माझी पद्धत ठरलेली आहे. चेन चढवली की सपाट जागेवर ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे घ्यायचा, इंजिन बंद करून उतरायचं, चाकामागे ठोकळा लावायचा आणि आधी आतल्या बाजूचा हुक पुढच्या कडीत घ्यायचा, मग बाहेरचा. आतली बाजू लोक टाळतात, कारण तिथे बर्फात आडवं पडावं लागतं. आणि बहुतेक चेन सुटतात त्या तिथूनच. थोडं काम झालं की पुन्हा एकदा तेच. आडवी साखळी उचलून पाहिली तर खाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. रबरी टेन्शनर हा उरलेली थोडी ढिलाई खेचून धरायला असतो. चेन घट्ट करण्याचं काम त्याचं नाही.

टायरची हवा कमी करून चेन चढवायची आणि मग हवा भरून ताण आणायचा, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. चालताना चेन टायरवर किंचित सरकत राहिली पाहिजे. ती एकाच जागी रुतून बसली तर तिथेच रबर खाते. वजनासाठी टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असेल, तर वॉल्व्ह उघडल्यावर ते अंगावर येईल ते वेगळंच.

विकत घेण्याआधी चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून जागा बघा. मडगार्ड, लोअर लिंक (मागचं अवजार धरणारे खालचे दांडे), चेक चेन (ते दांडे बाजूला हलू न देणारी साखळी), ब्रेकचा रॉड. जागा कमी असेल तर व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावा, किंवा तुमच्या रिमला सोय असेल तर चाकं बाहेर घ्या. माप टायरच्या कडेवर छापलेलं वाचा. ट्रॅक्टरच्या मॉडेलवरून मागवू नका, एकाच मॉडेलला वेगवेगळे टायर येतात.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे: फक्त पुढच्या चाकांना चेन. पुढची चाकं लहान, चेन स्वस्त, चढवायला सोपी, म्हणून नवशिके तिथूनच सुरुवात करतात. पण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. हायड्रोस्टॅटिकमध्ये (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये) पेडल सोडल्यावर ट्रॅक्टर रोखतात ती ड्राइव्ह असलेली चाकं. टू-व्हीलमध्ये तीही मागचीच. त्यात पुढच्या लोडरच्या बकेटमध्ये बर्फ भरला की मागचं वजन हलकं होतं. म्हणजे थांबवायची जबाबदारी ज्या चाकांवर, तीच हलकी आणि तीच बिनचेनची. उतारावर ब्रेक दाबला की मागची चाकं घसरतात आणि मागचा भाग फिरून पुढे येतो. म्हणून पहिली चेन मागे. थ्री-पॉइंटला, म्हणजे मागच्या अवजाराच्या जोडणीला, वजनाची पेटी किंवा एखादं जड अवजार लावा, बकेट जमिनीलगत ठेवा आणि उतरायला लागण्याआधीच फोर-व्हील टाका. पुढेही चेन हवीच असेल तर आधी मॅन्युअल वाचा, मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चेन कुठे घासते का ते बघा.

चेनच्या प्रकाराबद्दल एवढंच सांगतो. शेतीच्या उंच दातांच्या टायरवर शिडीसारखी साधी चेन बऱ्याचदा फुकट जाते, कारण आडव्या साखळ्या दातांमधल्या खाचांत उतरून बसतात. तिथे चौकटीच्या जाळीची चेन घ्या. तिरक्या उतारावर बाजूला घसरणं रोखायलाही तीच उपयोगी. शिडीची चेन पुढे-मागे धरते, बाजूला फारसं धरत नाही. टर्फ टायरला (हिरवळीवर चालणाऱ्या, बुटक्या नक्षीच्या) शिडीची चालते, पण बाजूच्या साखळीच्या दर दोन कड्यांवर आडवी साखळी असलेली. चार कड्यांवरची स्वस्त पडते आणि हादरे देते.

हुकांची उघडी टोकं टायरकडे नको, बाहेरच्या बाजूला हवीत. उरलेल्या कड्या लोंबत ठेवू नका, तारेने बांधा. डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) टाकून वळू नका. चाक जागेवर फिरायला लागलं तर थ्रॉटल वाढवू नका. बर्फाखाली काँक्रीट लागलं की चेन एकदम पकडते आणि तो झटका थेट गिअरबॉक्सला बसतो. उघड्या फरसबंदीवर चेन घालून फिरलात तर ओरखडे पडणारच, आणि चेनही झिजणार.

हिवाळा संपला की चेन धुऊन, सुकवून, तेलाचा हात फिरवून टांगून ठेवा. टांगताना प्रत्येक आडवी साखळी बघून घ्या. झिजून निम्मी झालेली कडी तेव्हाच बदला. बर्फ पडायला लागल्यावर गारठलेल्या बोटांनी हे काम नीट होत नाही.