मूडलचं अपग्रेड: तारीख जाहीर करण्याआधी काय काय ठरवायचं

मूडल म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर. ते अपग्रेड करायला, म्हणजे नव्या आवृत्तीवर न्यायला, सर्व्हरवर एक आज्ञा द्यावी लागते. ती टाइप करायला अर्धा मिनिट, आणि साइट फार मोठी नसेल तर चालायला काही मिनिटं. तरीही या कामाला भलेभले अ‍ॅडमिन कचरतात, कारण इथे वर चढलं की परतीचे दोर कापलेले असतात. नवी आवृत्ती डेटाबेसमधल्या टेबलांची रचनाच बदलते. नंतर जुना कोड पुन्हा ठेवून पाहिला, तर मूडल डेटाबेसमधला आवृत्ती क्रमांक वाचतं आणि चालायला नकार देतं. मागे यायचं तर आधी घेतलेला बॅकअप चढवायचा आणि बॅकअपनंतर विद्यार्थ्यांनी जे सादर केलं त्यावर पाणी सोडायचं.

त्यामुळे नियोजन करताना मी एकच प्रश्न समोर ठेवतो: परत फिरावं लागलं तर कुणाचं किती काम बुडेल? उत्तर शून्य येईपर्यंत तारीख जाहीर करायची नाही. उदाहरणं मूडलची घेतली आहेत, पण स्वतःच्या सर्व्हरवर दुसरा कुठला मंच चालवत असाल तरी क्रम साधारण हाच राहतो.

आधी जिना मोजा

साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधल्या नोटिफिकेशन्सच्या पानावर तळाशी तुमची नेमकी आवृत्ती दिसते. ती कागदावर लिहा. शेजारी पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलं आहे ती) आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्याही लिहा, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

मूडलची नवी मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास येते. साध्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या दीड वर्ष मिळतात, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला (तिला सगळे एलटीएसच म्हणतात) तीन वर्षं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ४.५ ही एलटीएस आहे आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहेत. हाताशी माणसं कमी असतील तर एलटीएसवरून एलटीएसवर जावं असं माझं स्पष्ट मत आहे. दर सहा महिन्यांनी शिक्षकांना नवा पडदा दाखवण्यात शहाणपण नाही.

पण थेट उडी मारता येतेच असं नाही. समजा तुम्ही ३.९ वर अडकला आहात. ४.५ वर जायला आधी किमान ४.१.२ वर असावं लागतं, आणि ४.५ ला पीएचपी किमान ८.१ लागतं. ३.९ मात्र पीएचपी ७.४ च्या पुढे जात नाही. मग वाट अशी: पीएचपी ७.४ वर असतानाच आधी ४.१ ची शेवटची उपआवृत्ती, मग पीएचपी ८.१ (४.१ ला दोन्ही चालतात), आणि त्यानंतर ४.५. डेटाबेस म्हणून मायएसक्यूएल वापरत असाल तर ४.५ ला तेही ८.० किंवा त्यावरचं लागतं. म्हणजे एका अपग्रेडच्या नावाखाली तीन-चार कामं निघाली. एन्व्हायर्न्मेंट या पानावर पुढची आवृत्ती निवडली की सर्व्हरमध्ये काय कमी आहे ते मूडल स्वतःच सांगतं. तिथे लाल दिसलं की तारखेची चर्चा थांबवायची. ५.१ चा विचार असेल तर वेब सर्व्हरचं मूळ फोल्डरही बदलावं लागतं, कारण त्या आवृत्तीपासून बाहेरून पोहोचता येणाऱ्या फाइली 'पब्लिक' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये गेल्या.

प्लगइनची झडती

प्लगइन्स ओव्हरव्ह्यूमध्ये बाहेरून घातलेल्या प्लगइनची, म्हणजे मूडलला जास्तीची सोय देणाऱ्या जोड-कोडची, वेगळी यादी मिळते. ती पाहून दर वेळी कुणीतरी म्हणतं, "हे कुणी टाकलं?" प्रत्येक प्लगइनसमोर दोनच गोष्टी लिहा: आज ते नेमक्या किती कोर्समध्ये वापरात आहे, आणि हव्या त्या आवृत्तीसाठी ते उपलब्ध आहे का. वापरात नसेल तर अपग्रेडच्या आधीच काढून टाका. वापरात आहे पण नवी आवृत्ती नाही, अशी दोन-तीन उरतील. त्यांचा निर्णय अ‍ॅडमिनने एकट्याने घेऊ नये. ज्या शिक्षकांचे कोर्स त्यावर उभे आहेत त्यांना बोलवा आणि पर्याय दाखवा.

थीमकडे, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या भागाकडे, विशेष लक्ष. ४.० मध्ये, म्हणजे एप्रिल २०२२ मध्ये, मूडलची सगळी मांडणी बदलली. त्याआधीची थीम तशीच पुढे नेली तर मेनू गायब होणं, बटणं एकमेकांवर चढणं असले प्रकार होतात. मुख्य कोडमध्ये कुणी हात घातला होता का, हेही आत्ताच शोधा. त्याच आवृत्तीचा कोरा कोड उतरवून तुमच्या कोडशी ताडून पाहिला की जुने 'तात्पुरते' बदल बाहेर पडतात.

तारीख

सर्व्हरवाल्याला कधी वेळ आहे हे शेवटी विचारा. आधी कॅलेंडर उघडा आणि चाचण्या कधी बंद होतात, असाइनमेंटची मुदत कधी संपते, गुण कधी पाठवायचे आहेत ते एका पानावर मांडा. मुदतीच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचा एक दिवस बाद करा, कारण मुदतवाढ ही मिळतेच. शुक्रवारची संध्याकाळ अनेकांना सोयीची वाटते. मला ती मुळीच आवडत नाही, कारण काही बिघडलं तर मदत करणारा माणूस सोमवारी भेटतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी भल्या पहाटे सुरू करावं.

रंगीत तालीम

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मूळ साइटची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर उभी करायची आणि तिच्यावर पूर्ण अपग्रेड करून पाहायचं.

प्रत म्हणजे तीन गोष्टी: कोड, डेटाबेस आणि मूडलडेटा हे फोल्डर. विद्यार्थ्याने चढवलेली फाइल मूडल तिच्या नावाने ठेवत नाही. फाइलच्या मजकुरावरून एसएचए-१ पद्धतीने ४० अक्षरांचा संकेत काढून त्या नावाने ती मूडलडेटामध्ये जाते. ती कुणाची, कुठल्या असाइनमेंटची, तिचं खरं नाव काय, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असतं. म्हणून डेटाबेस रात्री दोनचा आणि मूडलडेटा आदल्या दुपारचा असा बॅकअप घेतला, तर मधल्या फाइलींची नोंद दिसते पण फाइल उघडत नाही. दोन्ही एकाच वेळचे हवेत, आणि तेही साइट बंद असताना घेतलेले. कोर्सच्या पानावरून निघणारा बॅकअप ही वेगळी गोष्ट आहे. तो एका कोर्सपुरता असतो, साइट वाचवायला उपयोगी पडत नाही.

प्रत उभी राहिली की क्रॉन (ठरावीक वेळाने मागे आपोआप कामं चालवणारी यंत्रणा) सुरू करण्यापूर्वी ईमेल बंद करा. हे मी ठेच लागून शिकलो. एका ठिकाणी आम्ही प्रत चालू केली, क्रॉन नेहमीप्रमाणे धावला आणि पाठवायच्या रांगेत असलेल्या सगळ्या सूचना विद्यार्थ्यांना दुसऱ्यांदा गेल्या. चाचणीच्या सर्व्हरचे दुवे त्यांच्या इनबॉक्समध्ये! काहींनी तिथेच उत्तरं सादर केली, आणि ती मूळ साइटवर कधी आलीच नाहीत. कॉन्फिगच्या, म्हणजे मूडलच्या मूळ सेटिंगच्या, फाइलमध्ये 'नो ईमेल एव्हर' ही एक ओळ घातली असती तर हे टळलं असतं. तसंच शुल्क भरण्याची जोडणी, थेट वर्गांची जोडणी आणि बाहेरच्या प्रणालींच्या चाव्याही प्रतीवर बंद करा. प्रत पासवर्डमागे ठेवा, तिच्यात खऱ्या विद्यार्थ्यांची माहिती आहे.

मायएसक्यूएल वापरणाऱ्या मराठी साइटसाठी एक खास तपासणी. तिथला जुना 'यूटीएफ-८' प्रकार एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी अक्षर तीन बाइटांत मावतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काही जाणवत नाही. मग एखादा विद्यार्थी चर्चेत हसरा चेहरा टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि त्याचा संदेश जतनच होत नाही. डेटाबेस 'यूटीएफ-८-एमबी-४' प्रकारात आहे का ते पाहा. नसेल तर बदल तालमीतच करून घ्या, त्यासाठीची स्क्रिप्ट मूडलसोबत येते. बॅकअप परत चढवल्यावर मराठी नावाचा एखादा कोर्सही उघडा. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर तो बॅकअप कामाचा नाही.

आता घड्याळ लावून अपग्रेड करा. बॅकअपला किती, अपग्रेडला किती, बॅकअप परत चढवायला किती? तिसरा आकडा कुणी मोजत नाही, आणि ऐनवेळी तोच लागतो. शेवटी दोन-तीन शिक्षकांना प्रतीवर बसवा. "बघा कसं वाटतंय" एवढं सांगून भागत नाही. कामं द्या: जुनी चाचणी उघडा, एक प्रश्न बदला, असाइनमेंट तपासा, गुणपत्रक एक्सेलमध्ये उतरवा, मोबाइल अ‍ॅपमधून लॉगिन करा. काही मोडलं तर दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून तालीम.

सूचना लिहिताना

"तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित राहील, सहकार्य करावे" या वाक्यातून विद्यार्थ्याला काहीच कळत नाही. असं लिहा: "बुधवारी पहाटे ५ ते सकाळी ११ साइट बंद राहील. सुरू केलेली चाचणी त्याआधी सादर करा. बुधवारी कुठलीही मुदत संपत नाही. ११ नंतर डावीकडचा मेनू वेगळा दिसेल." एकदा आठवडाभर आधी, एकदा आदल्या दिवशी. वेळ तालमीत लागली त्याच्या दुप्पट सांगा.

त्या दिवशी

दोन माणसं हवीत. एकजण काम करेल, दुसरा फोन घेईल आणि घड्याळ पाहील. परतीची वेळ आधीच ठरलेली असावी. परत चढवायला दीड तास लागतो आणि साइट ११ ला उघडायची आहे, तर ९ ला निर्णय. ९ वाजता साइट धड चालत नसेल तर "अजून दहा मिनिटं" म्हणायचं नाही.

क्रम असा. सर्व्हरवर आज्ञा टाइप करून मेंटेनन्स मोड लावा. तो सगळ्यांना बाहेर ठेवतो, अ‍ॅडमिनलासुद्धा. क्रॉन थांबवा आणि आधीच चालू असलेली कामं संपू द्या. बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या यंत्रावर पोहोचल्याची खात्री करा. जुना कोड उचलून बाजूला ठेवा. त्याच्यावरच नवा कोड ओतू नका, जुन्या उरलेल्या फाइली नंतर विचित्र चुका दाखवतात. नव्या फोल्डरमध्ये जुनी कॉन्फिगची फाइल आणि तालमीत तपासलेले प्लगइन ठेवा. मग अपग्रेडची आज्ञा द्या, तीही तशीच सर्व्हरवर टाइप करून, कारण ब्राउझरमधून केलं तर मोठ्या साइटवर वेळमर्यादा अर्ध्यात आडवी येते. मग मेंटेनन्स मोड काढा, पण वेब सर्व्हर फक्त तुमच्याच आयपी पत्त्यांना उघडा ठेवा. क्रॉन एकदा हाताने चालवा, शिक्षकांना दिलेली तीच यादी स्वतः तपासा आणि मगच दार सगळ्यांना उघडा.

पहिला आठवडा

अपग्रेड पूर्ण झाल्याचा संदेश आला तरी काही कामं मागे क्रॉनमधून चालूच राहतात. ५.० मध्ये प्रश्नपेढ्यांची जागा बदलली, ते स्थलांतर असंच मागाहून होतं. त्यामुळे टास्कच्या नोंदी रोज पाहा. एखादं काम वारंवार अपयशी ठरत असेल तर ते तिथेच दिसतं. तक्रारी एकाच ठिकाणी घ्या आणि दोन भागांत वाटा: मोडलेलं आणि नुसतं हललेलं. दुसऱ्या भागाला पडद्याच्या दोन-तीन चित्रांची एक पुस्तिका पुरते.

पुढची गुणनोंदणी सुरळीत पार पडेपर्यंत जुना बॅकअप ठेवा. तालमीची प्रत मात्र लगेच पुसून टाका. ती विसरली जाते, तिचं सॉफ्टवेअर जुनं होत जातं, आणि सगळ्या विद्यार्थ्यांची नावं आणि ईमेल तिच्यात तशीच पडून असतात.