माळावर श्रमदानाला जाताय? झाडं लावू नका, वेडी बाभळ काढा
सोलापूरकडं पाऊस पडला की सगळे रोपं घेऊन माळावर निघतात, पण नान्नजचा माळ म्हणजे उजाड जमीन नाही हो, गवताळ रान आहे ते, माळढोक या दुर्मीळ पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालंय आणि माळढोकाला मोकळं गवतच लागतं, दाट झाडी नाही. मग करायचं काय, तर वनखात्याची परवानगी घेऊन, ते दाखवतील तिथलीच वेडी बाभळ (बाहेरून आलेलं, गवतावर पसरत जाणारं काटेरी झाड) काढायची.

पहिले एकदोन पाऊस झाले की माती मऊ होते, तेव्हा लहान रोपं मुळासकट उपटून येतात. मोठं झाड नुसतं वरून तोडलं तर बुडख्यातून परत चार फांद्या फुटतात, म्हणून जमिनीखाली वीतभर तरी उकरून मूळ तोडायचं, कंबर मोडते पण इलाज नाही. शेंगा पिशवीत भरून आणा, नाहीतर शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी अख्ख्या रानभर पसरतं.

जाड हातमोजे आणि जाड तळाचे बूट मस्ट, काटा चपलेतून आरपार जातो (अनुभव आहे). टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळं खाली बघून चाला. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागला तर मागं फिरा. आणि कुत्रं घरीच ठेवा.