तळ्याकाठच्या गावात पक्षीसहल: पैशाची पाळी कशी लावायची

बडोद्याहून पक्षी बघायला जाणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारतो: गावात कुणाला किती दिलेत? उत्तर ठरलेलं. ‘चहाचे दिले की.’ पाणथळ वाचवायची तर काठावरच्या घराला त्यातून चार पैसे मिळायला हवेत, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. ते पैसे नेमके कुणाच्या हातात पडायचे, यावर मात्र कुणी बोलत नाही. गेली अकरा वर्षं दर हिवाळ्यात मी बडोद्याच्या दांडिया बाजारातून माणसं घेऊन डभोईकडे जातो. बाकी सगळं सोपं आहे, अवघड आहे ते एवढंच.

जागा. डभोईजवळचं वढवाणा तुम्हाला माहीत असेलच. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910 साली शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून त्यात येतं. 2021मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला, तेव्हापासून रविवारी तलावाच्या बांधावर जत्रा असते. प्रवेशाची चौकशी वनखात्याकडे आधी करा, सूर्योदय तिथे बघा आणि नऊ वाजता निघा. उरलेला दिवस आसपासच्या एखाद्या गावतळ्यावर घालवा. पक्षी तिथेही असतात, आणि जेवू घालणारं गाव तिथेच भेटतं.

दिवस. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. दिवाळीच्या सुटीत जाऊन ‘काहीच नव्हतं’ म्हणू नका.

माणसं बारा. तेरावा मेहुणा असला तरी नाही.

आता पैसे. इथे मी दोन हिवाळे चुकलो. गाव कुठलं ते लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती. ज्या घरात टाईल्सचा संडास होता आणि मुलगा फाडफाड हिंदी बोलायचा, त्या एकाच घराला मी सगळे पैसे देत होतो. जेवण त्यांचं, वाटाड्या त्यांचा, गाडी उभी करायची तीही त्यांच्याच अंगणात. आम्हाला सोयीचं होतं. तिसऱ्या वर्षी गेलो तर तळ्याकडच्या पायवाटेवर वेड्या बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, बोटभर काटे आमच्याकडे करून. शेताचे मालक काका बांधावर बसले होते. काही न बोलता त्यांनी मला गव्हात नेलं. कोवळी पाती वितीच्या आत, कात्रीने कापावीत तशी सपाट खुडलेली, आणि मध्ये मध्ये हिरवट, करंगळीएवढ्या लेंड्या. पट्टकदंब हंस रात्री तळ्यावरून उठून शेतात चरतात, त्याचा हा हिशेब. काका म्हणाले, “पंखी तमारां, घउं अमारा.” पक्षी तुमचे, गहू आमचा.

मी काय केलं? गुपचूप त्यांच्या हातात पाकीट दिलं. याहून मूर्खपणा नाही. संध्याकाळपर्यंत गावात तीन वेगवेगळे आकडे फिरत होते आणि तिन्ही माझ्या पाकिटापेक्षा मोठे. म्हणून बजावून सांगतो: पाकीट नाही, ‘वरचे’ नाहीत, निघताना खिडकीतून नोटा देणं तर नाहीच. सरपंचांच्या हाती सगळी रक्कम सोपवून मोकळं होणंही नाही. माणूस कितीही सज्जन असो, पुढच्या निवडणुकीत तुमची सहल प्रचाराचा मुद्दा होते.

मला वाट सापडली ती गावच्या दूध मंडळीत, म्हणजे दूध सहकारी संस्थेत. संध्याकाळी बरण्या घेऊन रांग लागते, दूध मोजलं जातं, फॅट निघतं, आकडा सगळ्यांसमोर वहीत चढतो. ज्या गावात सख्खे भाऊ बोलत नाहीत तिथेही त्या आकड्यावर भांडण नसतं. म्हणून आमचाही हिशेब तिथेच, त्याच वेळी, मोठ्याने वाचायचा. परवानगी मंडळीच्या सेक्रेटरीकडून घ्यायची आणि वाचायला गावातलाच माणूस उभा करायचा, आपण नाही.

सध्या माणशी 600 रुपये घेतो, म्हणजे बारांचे 7,200. त्यातले 3,000 जेवण करणाऱ्या घराला, 1,600 दोन वाटाड्यांना, 600 ज्यांची ओसरी आणि संडास वापरला त्यांना, 800 दुसऱ्या दिवशी काठ झाडणाऱ्यांना. उरलेले 1,200 शेतपेटीत. ही पेटी तळ्याला लागून गहू-हरभरा असलेल्यांची. हंगाम संपला की त्यांनी आपापसांत ठरवून वाटून घ्यायची, अट एकच: हंसांवर फटाके नाहीत आणि दाण्यात विष नाही. ही नुकसानभरपाई नव्हे. तेवढी आपली ऐपतही नाही आणि तसं भासवूही नये. पण तिला ‘मदत’ म्हणू नका. मदत म्हटली की समोरच्याला हात पसरावा लागतो. ‘वाटा’ म्हणा, मग तो कमी पडला तर भांडताही येतं. काका दर वर्षी भांडतात. वाट उघडी आहे.

जेवणाचं घर दर सहलीला बदलायचं, पाळीने. यावर बडोद्याची मंडळी कुरकुरतात: मागच्या वेळचा ओळो (वांग्याचं भरीत) छान होता, तिथेच जाऊ. नाही जायचं. या वेळच्या घरचा रोटला जाड असेल तर जाड खा. ज्या घरी खुर्च्या नाहीत त्याची पाळी चुकवली तर पुन्हा टाईल्सवाल्या घरापाशी येऊन थांबाल. संडास दुसऱ्या घरी, हा उपाय त्यासाठीच काढला.

वाटाड्याला पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ करायला लावू नका. वारकरी पक्षी (कूट) कुठल्या वेळी कुठल्या गवताआड असतो हे त्याला कळतं, नाव आपण पुस्तकात बघू. ओडिशात चिलिका सरोवराकाठी मंगलाजोडीला एकेकाळचे शिकारीच आज वाटाडे आहेत. पाणी ज्याने पोटासाठी वाचलंय, त्याच्याइतकं ते कुणाला दिसत नाही.

पाहुण्यांचे नियम गाडीतच सांगा: ड्रोन नाही, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं नाही, कुरव पक्ष्यांना (सीगल) गाठिया टाकणं नाही. गाठिया स्वतः खा.

कुणी उत्साही देणगीदार काठावर पक्की कॉटेजं बांधू म्हणेल. रामसर क्षेत्रात 2017च्या पाणथळ नियमांनुसार पूररेषेपासून 50 मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून कायमचं बांधकाम चालत नाही, हे त्याला सांगा. गावतळ्यावरही तेवढंच अंतर पाळा. खाटला आणि गोधडी पुरते.

पुढच्या हंगामाच्या पाळीच्या चिठ्ठ्या होळीच्या आधी काढा. गव्हाची कापणी लागली की कुणी जागेवर सापडत नाही. चिठ्ठी लहान मुलीकडून उचलून घ्या, आणि कागद सगळे एकाच मापाचे कापा. एका वर्षी एका घराची चिठ्ठी जरा मोठी कापली गेली होती. ते मी अजून ऐकतोय.