‘बाई, झालं!’ म्हणणाऱ्या मुलाला पुढं काय द्यायचं?

पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांची दहा उदाहरणं फळ्यावर लिहिली की चौथ्याच मिनिटाला एक हात वर येतो, “बाई, झालं!” मागच्या बाकावर तेव्हा कुणीतरी अंश वर की छेद वर या गोंधळात पेन्सिल चावत बसलेलं असतं. पहिल्याला आपण आणखी दहा उदाहरणं देतो. ही सवय आधी मोडायला हवी. ज्याला येतं त्याला तेच पुन्हा देणं ही शिक्षा आहे आणि मुलांना ती लगेच कळते. थोड्याच दिवसांत तो हात वर यायचा थांबतो.

दोघांनाही पुरेल इतकं साहित्य नेटवर फुकट मिळतं, त्यातलं पुष्कळसं मराठीत. पण सुरुवात मोबाइलपासून नको, चिठ्ठीपासून करा.

घटक सुरू करायच्या आदल्या दिवशी तीन प्रश्न द्या आणि उत्तरं चिठ्ठीवर घ्या: एक मागच्या इयत्तेचा, एक या घटकातला आणि एक ‘का?’ विचारणारा. अपूर्णांकांसाठी मी हे देते: पाव भाकरी काढून दाखव, १/२ आणि १/४ मिळून किती, १/३ मोठा की १/४, आणि कशावरून? पाच मिनिटं पुरतात. कोण कुठल्या प्रश्नापर्यंत पोचलं त्यावरून चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे आपोआप पडतात. तिसरा प्रश्न नीट सोडवणाऱ्यांना त्या घटकाचा सराव माफ करा. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली प्रतिभावान मुलांसाठी हीच पद्धत सांगतात: आधीच येणारा भाग वगळायचा आणि वाचलेला वेळ खोल कामाला द्यायचा.

इथं एक जपा. हुशारी नेहमी सुवाच्य अक्षरात येत नाही. आपल्याकडं गुऱ्हाळावर वाढलेलं पोर एका काहिलीतून गुळाचे किती रवे (ढेपा) निघतील ते तोंडी सांगतं आणि कागदावर अडखळतं. त्याला तिसरा प्रश्न जवळ बसवून तोंडी विचारा.

आता साहित्य. मागं राहिलेल्यांसाठी बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आणि ते ज्यात उघडतात ते सरकारी दीक्षा ॲप. तोच घटक चौथीच्या किंवा तिसरीच्या पुस्तकातून उघडा, मात्र ‘खालच्या वर्गाचं’ असं मोठ्यानं म्हणू नका. त्याच्या जोडीला फेट (PhET), म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून बघायच्या गणित-विज्ञानाच्या प्रतिकृतींची साइट. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातल्या अपूर्णांकांच्या प्रतिकृतीत मूल वर्तुळाचे तुकडे बोटानं सरकवतं, तेच संख्यारेषेवर बघतं. चुकलं तरी कुणी बघत नाही, म्हणून ते पुन्हा करून पाहतं. बऱ्याच प्रतिकृती मराठीत आहेत.

वाचनासाठी स्टोरीविव्हर (StoryWeaver). प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या या साइटवर गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. एकाच विषयावरच्या, उदाहरणार्थ पावसावरच्या, तीन पातळ्यांच्या तीन गोष्टी उतरवून घ्या आणि झेरॉक्स काढा. जे मूल भराभर वाचून मोकळं होतं, त्याला इंग्रजी किंवा हिंदी गोष्ट मराठीत करायला द्या. भाषांतराची सोय साइटवरच आहे. शब्दाशी झटापट करताना ते कसं रमून जातं, ते बघण्यासारखं असतं.

पुढं गेलेल्या मुलांसाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा केंब्रिज विद्यापीठाच्या एनरिच (NRICH) या गणिती कोड्यांच्या साइटवर आहे. साइट इंग्रजीत आहे, पण कोडं आपण मराठीत फळ्यावर लिहायचं. तिथली कोडी अशी असतात की सुरुवात कुणालाही करता येते आणि शेवट मात्र लवकर सापडत नाही. एक नमुना सांगते. लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून कोणकोणत्या संख्या मिळतात? ९ म्हणजे ४+५, शिवाय २+३+४. १५ तर तीन प्रकारे येते: ७+८, ४+५+६ आणि १+२+३+४+५. मागं राहिलेल्या गटाचा बेरजेचा सराव यात न सांगता होतो. मधला गट ३० पर्यंतचा तक्ता भरतो. भरता भरता कुणीतरी थबकतं: १, २, ४, ८, १६ काही केल्या येत नाहीत! पुढच्या गटाला इथं थांबवून एवढंच विचारा, “का येत नसतील?” उत्तर सांगू नका. दोन दिवस लागले तरी लागू देत.

पावसाळ्यात तर कोडं घरातच असतं. आपल्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा नदीची पातळी प्रशासन रोज जाहीर करतं. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. एका गटानं आजचं पाणी इशाऱ्यापासून किती खाली ते काढायचं, दुसऱ्यानं आठवड्याचा आलेख. तिसऱ्याला विचारा, ३९ फूट ६ इंच म्हणजे ३९.६ फूट का नाही? आणि पाऊस थांबला तरी पाणी का चढतं? मग राधानगरी धरण भरलं की आपोआप उघडणाऱ्या दरवाजांचा शोध ती आपणहून घेतात.

शाळेत रेंजचा भरवसा धरू नका. दीक्षाचे व्हिडिओ आणि फेटच्या प्रतिकृती घरूनच उतरवून न्या, दोन्ही नेटशिवाय चालतात. मोबाइल एकच असेल तर गटागटांनी पंधरा मिनिटं वाटून द्या, बाकीच्यांना तोवर कागदावरचं काम. हुशार मुलाला रोज दुसऱ्यांना शिकवायला बसवू नका. त्यालाही स्वतःचं शिकायचं असतं.

घटक बदलला की चिठ्ठ्या पुन्हा घ्या आणि गट मोडा. अपूर्णांकांत पहिल्या गठ्ठ्यात असलेली माझ्या वर्गातली एक मुलगी भूमितीत तिसऱ्या गठ्ठ्यात निघाली. जुनेच गट ठेवले असते तर ते मला कळलंच नसतं.