सरासरी सांगितली आणि मामेभावाचं नुकसान झालं: बाजारभावांची यादी कशी वाचावी

संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू झाला की माझा फोन पहाटेपासून वाजायला लागतो. मी नागपुरात कळमना बाजारातल्या एका अडत दुकानावर बावीस वर्षांपासून दिवाणजी आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सगळीकडून फोन येतात आणि सगळे एकच विचारतात, "आज भाव किती निघाला जी?" उत्तरात प्रत्येकाला एकच आकडा पाहिजे असतो.

पूर्वी मी तो द्यायचो. दिवसभराचे भाव बेरजेला टाकायचे, ढिगांच्या संख्येने भागायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. तीन वर्षांपूर्वी काटोलहून माझ्या मामेभावाचा फोन आला. पहिल्या तोड्याचा चार टन संत्रा तयार होता. "भाऊ, व्यापारी बागेतच २५ देऊन राहिला. देऊन टाकू का थांबू?" २५ म्हणजे टनाला २५ हजार रुपये. मी वही उघडली, हिशोब केला आणि म्हणालो, "सरासरी २९ आहे. थांब."

दोन दिवसांनी तो माल घेऊन कळमन्यात आला. २२ ला गेला. टनामागे ३ हजार, म्हणजे चार टनांचे १२ हजार गेले, वरून गाडीभाडं आणि हमाली. तो माझ्यावर रागावला नाही. "तू २९ सांगतलं होतं ना भाऊ," एवढंच म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही. बाजार पडलेला नव्हता. माझी बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. मग चूक कुठे झाली, ते शोधायला मी त्या दिवसाचं पान पुन्हा काढलं. ते पान घेऊनच पुढचं सांगतो. तुम्ही कागद-पेन घेऊन सोबत बसलात तर बरं.

वहीत भाव बोलीच्या क्रमाने उतरतात. सगळ्यात आधी ते चढत्या क्रमाने लावून घ्या. हे काम क्षुल्लक वाटतं म्हणून लोक टाळतात, आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्यावरच उभी असते. अकरा ढिगांचे भाव, हजार रुपयांत, असे होते:

१८, २०, २२, २२, २२, २४, २६, २६, २८, ५२, ५९

बेरीज ३१९. अकराने भागले की २९. ही सरासरी, शाळेच्या पुस्तकात तिला मध्य म्हणतात. आता यादीवर बोट फिरवा आणि २९ च्या खाली किती ढीग आहेत ते मोजा. नऊ! अकरापैकी नऊ जणांना सरासरीपेक्षा कमी मिळाले होते, आणि नेमक्या २९ ला तर एकही ढीग विकला गेला नव्हता. शेवटचे दोन ढीग निवडून काढलेल्या मोठ्या फळांचे होते, बाहेर पाठवायचा माल. त्या दोघांनी सगळी सरासरी वर ओढली होती.

आता मधला ढीग पाहा. अकरा आकड्यांत सहावा मधला, कारण त्याच्या खाली पाच आणि वर पाच. सहावा आहे २४. हा मध्यक. आकडे सम असतील, समजा दहा, तर पाचवा आणि सहावा घ्यायचा, बेरीज करून दोनाने भागायचं. मामेभावाला मी २४ सांगितले असते तर त्याने २५ चा सौदा तिथेच पक्का केला असता. माझं सगळं सांगणं या एका वाक्यात येतं, पण पुढचंही समजून घ्या, कारण दरवेळी मध्यकावर भागत नाही.

सगळ्यात जास्त वेळा आलेला भाव २२, तीनदा. हा बहुलक. आपल्या शेतकऱ्यांना तो रोज भेटतो, फक्त वेगळ्या नावाने. बाजार समितीच्या भावपत्रकात दराचे तीन रकाने असतात: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. तो सर्वसाधारण दर बहुतेक जण सरासरी समजून वाचतात. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावर याच रकान्याला मोडल म्हटलेलं आहे, म्हणजे बहुलक, ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो. तुमचा माल चारचौघांसारखा असेल तर पत्रकातल्या तीन आकड्यांपैकी तुमच्या कामाचा हाच. जास्तीत जास्त दर एखाद्याच ढिगाचा असू शकतो, आणि बातमीच्या मथळ्यात नेमका तोच जातो. त्यावर विसंबून गाडी भरू नका.

माझ्या हिशोबात आणखी एक खोट होती आणि ती मला फार उशिरा दिसली. मी प्रत्येक ढिगाला सारखंच मोजलं होतं. वहीत वजनाचा रकाना शेजारीच होता. भावांच्या त्याच क्रमाने वजनं अशी, टनांत: २, ३, ४, ३, ३, ४, २, २, २, अर्धा, अर्धा. एकूण २६ टन. ५२ आणि ५९ चे ढीग अर्ध्या-अर्ध्या टनाचे होते! प्रत्येक भावाला त्याच्या वजनाने गुणून बेरीज केली तर ६२७.५ हजार येतात, म्हणजे ६ लाख २७ हजार ५०० रुपये. त्याला २६ ने भागा. टनाला साधारण २४,१३५ रुपये. २९ हजारांची सरासरी वजन धरताच २४ वर आली, जवळपास मध्यकाशेजारी जाऊन बसली. आणि २२ च्या भावाने एकट्याने १० टन माल गेला होता. जिथे जिथे एक नोंद मोठी आणि एक लहान असते, तिथे वजन धरल्याशिवाय सरासरी काढायची नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं आहे.

सरासरीवर भरवसा ठेवावा की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. यादीतला सगळ्यात मोठा आकडा झाका आणि हिशोब पुन्हा करा. ५९ झाकला तर बेरीज २६०, ढीग दहा, सरासरी २६. एका ढिगाने तीन हजारांचा फरक पडला. मध्यक मात्र २४ चा २३ झाला, एवढंच. सरासरी अशी उडी मारत असेल तर मध्यक धरा.

याचा अर्थ सरासरी टाकाऊ आहे असा नाही. आपल्या नागपूरचा मे महिना घ्या. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. बाकीचे तीस दिवस ४४ च्या आसपास धरले, तर त्या एका भयंकर दिवसाने महिन्याची सरासरी किती वाढेल? ३.९ ला ३१ ने भागा, ०.१३ अंशसुद्धा पुरती नाही. रोजचं तापमान एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट होत नाही, म्हणून तिथे सरासरी नीट मधोमध बसते. हवामान खातं १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीशी तुलना करून "सरासरीपेक्षा इतके अंश जास्त" सांगतं, ते विश्वासाने ऐकण्यासारखं आहे. एकूण बेरीज हवी असेल तेव्हाही सरासरीच लागते. आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी साठ घरांतून येते. मंडपाचे पैसे निघतील का, हे सरासरी गुणिले साठ यावरूनच कळतं. नवीन बिऱ्हाडकरूला किती सांगावी, याला मात्र बहुलक बघतो, आणि तो वर्षानुवर्षं २५१ आहे.

आता यादीतल्या जागेबद्दल. मध्यकाने यादीचे दोन भाग केले, तसे चार भाग केले की चतुर्थक मिळतात. ढिगांच्या संख्येत एक मिळवा आणि चाराने भागा. ११ अधिक १, बारा, भागिले ४, तीन. खालून तिसरा भाव पहिला चतुर्थक, २२. त्याच्या तिप्पट, म्हणजे नववा, तिसरा चतुर्थक, २८. मधला अर्धा बाजार २२ ते २८ मध्ये आहे. एका आकड्याऐवजी ही पट्टी सांगितली की ऐकणाऱ्याला अंदाज येतो. मोबाईलच्या शीटमध्ये साधं क्वार्टाइलचं सूत्र वापराल तर तिसरा चतुर्थक २८ ऐवजी २७ येईल. गोंधळू नका, मोजायची पद्धत थोडी वेगळी आहे. दोन्ही चालतात, फक्त रोज एकच वापरा.

पट्टी कळली की पुढचा प्रश्न: त्यात आपला माल कुठे बसतो? मामेभावाच्या बागेतलं फळ मध्यम आकाराचं, साल जराशी जाड. मागच्या दोन हंगामांतले त्याचे सौदे मी वहीतून काढले आणि त्या त्या दिवशी तो खालून कितवा होता ते मोजलं. बहुतेक वेळा तो पहिल्या चतुर्थकापासून मध्यकापर्यंत सापडला. म्हणजे बाजार कितीही असो, त्याची जागा ठरलेली आहे. हे मला त्या फोनच्या वेळी माहीत असायला हवं होतं.

हीच मोजणी उलटी करता येते. भाव आधी ठरवायचा आणि यादीत त्याची जागा शोधायची. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. समजा एका दिवशी वीस ढीग उतरले आणि त्यातले सतरा या आकड्याच्या खाली गेले. सतरा भागिले वीस, गुणिले शंभर, ८५. म्हणजे हमीभाव त्या दिवशी ८५ व्या शतमकावर होता. हमीभाव पायाशी असायला पाहिजे, आणि यादीत तो डोक्याजवळ जाऊन बसतो. त्याच दिवशी जास्तीत जास्त दर साडेपाच हजारांवर गेला असेल तर पत्रक वाचणाऱ्याला सगळं छान वाटेल. म्हणून गावात कुणी कमाल दर वाचून दाखवला की मी विचारतो, हमीभावाच्या खाली किती ढीग गेले ते मोजलं का? खाली गेलेल्यांत ओलावा १२ टक्क्यांच्या वर किती जणांचा होता, तेही वेगळं मोजा. ओला माल आणि कोरडा माल एकाच यादीत ठेवला तर जागेला काही अर्थ राहत नाही.

शतमक म्हणजे पोरं ज्याला पर्सेंटाइल म्हणतात तेच. माझ्या लेकीचा सीईटीचा निकाल ८८.४ आला तेव्हा शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या, "८८ टक्के म्हणजे चांगलेच की!" लेक गप्प. तिला माहीत होतं की ते टक्के नव्हेत. ८८.४ म्हणजे तिच्या सत्रात बसलेल्या दर शंभरांपैकी ८८.४ जणांना तिच्याएवढे किंवा तिच्याहून कमी गुण होते. २०० पैकी तिला किती पडले हे त्या आकड्यातून अजिबात कळत नाही. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते, एखादा पेपर अवघड निघतो, म्हणून गुणांऐवजी जागा देतात, आणि ते मला न्याय्य वाटतं.

पण जागेचं एक लक्षात घ्या. मधे गर्दी असते. तिथे चार-पाच गुणांनी माणूस बऱ्याच जणांना ओलांडतो आणि पर्सेंटाइल झरकन वाढतं. वरच्या टोकाला पोरं विरळ असतात, तिथे तेवढ्याच गुणांनी पर्सेंटाइल जेमतेम हलतं. म्हणून ५० वरून ६० वर जाणं आणि ८८ वरून ९८ वर जाणं, दोन्ही "दहाच" असले तरी मेहनत सारखी लागत नाही. पोरांना "अजून दहा काढले असते तर" म्हणणाऱ्या आईबापांनी हे समजून घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. मीही ते निकालाच्या दिवशी म्हणालो होतो आणि तिचा चेहरा उतरलेला पाहिला होता.

आता सकाळी फोन आला की मी आधी विचारतो, फळ केवढं आहे, किती टन आहे. मग मध्यक सांगतो, पट्टी सांगतो, आणि त्याचा माल खालून कितवा बसेल ते सांगतो. मामेभाऊ आता फळांचा फोटो पाठवतो, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून.

हंगाम संपत आला की कधी कधी दिवसाला चारच ढीग उतरतात. तेव्हा मी मध्यकही काढत नाही आणि चतुर्थकही नाही. चारही भाव वजनासकट वाचून दाखवतो.