इटालियन शिकताना या चुका टाळा: मराठी येतं, तर इंग्रजीतून कशाला जायचं?

मिलान किंवा तोरिनोच्या पॉलिटेक्निकला मास्टर्स करायला येणाऱ्या मराठी मुलांचे विषय बहुतेक इंग्रजीतून शिकवले जातात. इटालियन लागतं ते वर्गाबाहेर: घरमालकाशी बोलताना, राहण्याच्या परवान्याचे कागद पोस्टात भरताना, भाजी घेताना. म्हणून मुलं विद्यापीठाच्या भाषा केंद्रात ए-वनच्या, म्हणजे सगळ्यांत पहिल्या पातळीच्या, वर्गाला नाव घालतात, चार आठवडे उत्साहाने जातात आणि मग गाडी अडते. अशा मुलांच्या मी शिकवण्या घेते. दर ऑक्टोबरात वह्या नव्या असतात, चुका त्याच.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. पुस्तकातले अर्थ इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, म्हणून डोकंही आधी इंग्रजी वाक्य बनवतं आणि मग त्याचं इटालियन करतं. खरं तर इटालियनमधल्या बऱ्याच गोष्टी मराठीत आयत्या आहेत. काही ठिकाणी मात्र मराठीच नडते. तेही सांगते.

उच्चार: ‘ट’ सोडा, ‘त’ धरा

इटालियनमधला टी म्हणजे आपला दंत्य त, आणि डी म्हणजे द. जीभ दातांना लागते, टाळूकडे वळत नाही. आपण शाळेपासून इंग्रजी टी म्हणजे ट असं घोकलेलं असतं, म्हणून ‘तुत्ती’चं ‘टुट्टी’ होतं आणि ‘ग्रान्दे’चं ‘ग्रँडे’. एखाद्या इंग्रज विद्यार्थ्याला हा त-द कमवायला महिने लागतात. आपल्याला तो फक्त आठवायचा असतो.

जोडाक्षरांचंही तेच. कला आणि कल्ला यांत आपण कधी गल्लत करत नाही. इटालियनमध्ये असे शब्द ढिगाने आहेत: ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात, ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, ‘कापेल्लो’ म्हणजे केस, ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. इंग्रजीत दोन अक्षरं लिहून एकच उच्चारायची सवय, ती इथे आली की घात होतो. सगळ्यांत वाईट फजिती वयाची. ‘ओ वेन्तान्नी’, म्हणजे मी वीस वर्षांची आहे, यातला न्न नीट दाबला नाही तर तुम्ही वर्षांऐवजी गुदद्वारं मोजत असता. समोरचा सभ्य असला तर हसत नाही, एवढंच. एक बारकावा: जोडाक्षराच्या आधीचा स्वर आखूड असतो आणि एकेरी व्यंजनाच्या आधीचा जरा लांबतो. ‘नोऽनो’, पण ‘नोन्नो’. एवढं सांभाळलं तरी इटालियन कानाला फरक लगेच कळतो.

च आणि ज यांच्या बाबतीत तर आपली चैनच आहे. मराठीत ‘चोर’मधला च वेगळा आणि ‘चार’मधला वेगळा. इटालियनला दोन्ही लागतात. ‘चाओ’मध्ये ‘चार’चा च; ‘ग्रात्सिए’ आणि ‘पित्सा’ यांत ‘चोर’चा. आपण लिहितो पिझ्झा आणि म्हणतो ‘ग्राझी’, तेही इंग्रजीच्या कृपेने. ‘ग्रात्सिए’ला शेवटचा ए आहे, तो गिळायचा नाही. सी या अक्षराचा नियम असा: पुढे ई किंवा आय आला की च, नाहीतर क. मध्ये एच घुसला की पुन्हा क. म्हणून तो पदार्थ ब्रुस्केत्ता आहे, ब्रुशेटा नाही. जीचंही असंच, म्हणून ‘स्पागेत्ती’त ग.

पहिले काही आठवडे उच्चार देवनागरीत लिहून ठेवा. रोमनमध्ये इंग्रजी स्पेलिंगसारखे लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त तीन ठिकाणी देवनागरी फसवते. पहिलं, इटालियनमध्ये आपला ‘अ’ नाहीच. ‘बान्का’चं ‘बँका’ किंवा ‘पेर’चं ‘पर’ करू नका. दुसरं, व. आपला व ओठांतून हलकेच सुटतो, इटालियन व्ही खालच्या ओठावर दात टेकवून घासून येतो. ‘वीनो’ म्हणताना दात टेकले नाहीत तर पहिलं अक्षर ऐकूच जात नाही. तिसरं, आघात. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तिकडे लक्षच देत नाही. ‘पार्लानो’, म्हणजे ते बोलतात, यातला जोर ‘पार्’वर आहे, ‘ला’वर नाही. ‘तेलेफोनो’त जोर ‘ले’वर. नवा शब्द ऐकला की जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

शिक्षिका मिलानची असेल तर घराला ‘काझा’ म्हणेल, नेपल्सची असेल तर ‘कासा’. दोन्ही चालतं. यावरून मुलं उगीच गोंधळतात.

लिंग आणि आर्टिकल

लिंगाची भीती आपल्याला नको. तीन लिंगं सांभाळणाऱ्यांना दोन जड नाहीत. चूक होते ती मराठीतलं लिंग तसंच उचलल्याने किंवा ‘ओ म्हणजे तो, आ म्हणजे ती’ या नियमावर आंधळा विश्वास ठेवल्याने. ‘ला लूना’ म्हणजे चंद्र, पण ती. ‘ला मानो’, हात, ओ असूनही ती. ‘इल प्रोब्लेमा’, ‘इल सिस्तेमा’, ‘इल क्लीमा’ हे ग्रीकमधून आलेले, आ असूनही तो. ए-कारान्त शब्दांचा तर भरवसाच नाही: ‘इल लात्ते’ तो, ‘ला नोत्ते’ ती. शब्द कधीही एकटा पाठ करू नका. वहीत ‘क्यावे’ नको, ‘ला क्यावे’ लिहा.

इथेच मराठी नडते, कारण आपल्याकडे आर्टिकल नावाची गोष्टच नाही. घाईत बोलताना ते पहिलं गळतं. त्यात पुल्लिंगी एकवचनी आर्टिकल ‘इल’ आणि ‘लो’ असे दोन. शब्दाची सुरुवात एस आणि व्यंजन, झेड, पीएस किंवा जीएन अशी असेल तर ‘लो’: लो स्तुदेन्ते, लो त्सुक्केरो. स्वराने सुरू होणारा असेल तर नुसता ‘ल’ चिकटतो. तक्ता बघत बसण्यापेक्षा दहा-बारा शब्द मोठ्याने म्हणा. ‘इल स्तुदेन्ते’ म्हणताना जीभ अडखळते, ते लक्षात राहतं.

‘मला’ आणि ‘माझ्याकडे’

इंग्रजीभाषकांना पहिल्या सेमिस्टरमध्ये सगळ्यांत जड जातं ते ‘प्याचेरे’ हे क्रियापद. ‘मी प्याचे इल काफ्फे’ म्हणजे शब्दशः ‘मला कॉफी आवडते’. हा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, आणि क्रियापद चालतं ते आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे, अगदी मराठीसारखं. तरी मुलं ‘इओ प्याच्चो’ लिहितात, कारण डोक्यात इंग्रजी ‘आय लाइक’ असतं. ‘इओ प्याच्चो’चा अर्थ होतो ‘मी आवडतो’, मग कुणाला ते तुमचं तुम्ही बघा. स्पागेत्ती इटालियनमध्ये अनेकवचनी आहे, म्हणून ‘मी प्याच्चोनो’: मला आंबे आवडतात तसं.

‘दा’ या शब्दयोगी अव्ययावर पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. माणसाकडे जाताना लागणारा ‘दा’ म्हणजे आपला ‘कडे’. ‘वादो दाल मेदिको’, डॉक्टरांकडे जातो. ‘व्येनी दा मे’, माझ्याकडे ये. एवढ्यावर काम भागतं.

भूक, तहान, वय यांना मात्र इटालियनमध्ये ‘असणं’ नाही, ‘जवळ असणं’ लागतं: ओ फामे, ओ सेते. इंग्रजीवरून ‘सोनो फामे’ म्हणाल तर ‘मी म्हणजे भूक’ असं होतं. उकडत असेल तर ‘ओ काल्दो’. ‘सोनो काल्दो’ किंवा ‘सोनो काल्दा’ म्हणू नका, त्याचा अर्थ भलतीकडे जातो.

भूतकाळ: मराठी तारते आणि बुडवतेही

साधारण तिसऱ्या महिन्यात ‘पास्सातो प्रोस्सिमो’ हा भूतकाळ येतो आणि वर्ग दोन भागांत फुटतो. काही क्रियापदांना ‘आवेरे’ (जवळ असणं, त्याचं ‘ओ’) जोडावं लागतं, काहींना ‘एस्सेरे’ (असणं, त्याचं ‘सोनो’). एस्सेरेवाल्यांचं रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. मुलगा म्हणतो ‘सोनो आन्दातो’, मुलगी ‘सोनो आन्दाता’. गेलो आणि गेले. जाणं, येणं, निघणं, पोहोचणं, जन्मणं, मागे राहणं या सगळ्यांना हे लागू. इतपत मराठी मुलं शेजारच्या बाकावरच्या अमेरिकन मुलांच्या पुढे असतात.

मग पाय घसरतो. नागपूरच्या एका मुलीच्या वहीतलं वाक्य होतं: ‘इएरी सोनो दोर्मीता आल्ले उन्दिची.’ काल मी अकराला झोपले. तिचा तर्क सरळ होता: मी गेले, मी झोपले, दोन्ही एकाच चालीचे. पण झोपणं, हसणं, बोलणं, चालणं यांना इटालियनमध्ये आवेरे लागतं: ओ दोर्मीतो, ओ रीसो, ओ पार्लातो, ओ काम्मिनातो. बोलणारी मुलगी असली तरी शेवटी ओच. ढोबळ कसोटी अशी: क्रियेने माणसाची जागा किंवा अवस्था बदलली तर एस्सेरे, नुसतीच क्रिया घडत राहिली तर आवेरे. चालण्याने जागा बदलते की, असा वाद प्रत्येक बॅचमध्ये होतो. ‘काम्मिनारे’त कुठे पोहोचायचं हे नसतं, नुसतं चालणं असतं. पळण्याचं गंमतशीर आहे: पार्कात पळालात तर ‘ओ कोर्सो’, घरी पळालात तर ‘सोनो कोर्सा आ काझा’.

त्या वाक्यात दुसरीही अडचण होती. मराठीत ‘अकराला झोपले’ म्हणजे अकराला अंथरुणाला पाठ टेकली. इटालियन ‘दोर्मीरे’ म्हणजे झोपेत असणं. म्हणून आठ तास झोपलात तर ‘ओ दोर्मीतो ओत्तो ओरे’, पण अकराला झोपलात तर ‘सोनो आन्दाता आ दोर्मीरे आल्ले उन्दिची’, झोपायला गेले. आता आन्दाताचा आ बरोबर.

कर्माचंही असंच. ‘पोळी खाल्ली’, ‘भात खाल्ला’ या सवयीने मुलं ‘ओ मान्ज्याता ला मेला’ लिहितात, कारण मेला, म्हणजे सफरचंद, स्त्रीलिंगी. चूक. कर्म नंतर आलं तर क्रियापद जागचं हलत नाही: ‘ओ मान्ज्यातो ला मेला’. पण कर्माच्या जागी सर्वनाम आधी आलं की रूप बदलतं: ‘लो मान्ज्याता’, (ती) खाल्ली. इंग्रजी मुलांना हे शेवटपर्यंत उमगत नाही. तुम्ही फक्त सर्वनामाच्या वेळी मराठी चालू करायची.

तू, तुम्ही आणि ‘लेई’

प्राध्यापिकेला ‘चाओ’ आणि ‘स्कूझा’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे मॅडमना ‘ए, ऐक ना’ म्हणण्यासारखं. ‘बुओन्जोर्नो’ आणि ‘स्कूझी’ म्हणा. आदरार्थी ‘लेई’ तृतीयपुरुषी एकवचनी आहे. आपला आदर अनेकवचनात असल्याने मुलं ‘वोई’, म्हणजे अनेकवचनी तुम्ही, वापरतात. दक्षिणेत वडीलधाऱ्यांना वोई अजून ऐकू येतं, आणि 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने लेई काढून वोईची सक्तीही करून पाहिली होती, पण वर्गात आणि ऑफिसात लेईच. ‘पाहुण्यांनी बसावं’, ‘काकांनी चहा घ्यावा’ ही आपली जुनी रीत आठवा. ‘सि आक्कोमोदी’, ‘प्रेन्दा उन काफ्फे’ याच घडणीचे आहेत.

ओळखीचे वाटणारे शब्द

यावर फार बोलत नाही, यादीच भिंतीवर लावा. ‘पारेन्ती’ म्हणजे नातेवाईक, आईवडील नव्हेत. ‘लिब्रेरीया’ पुस्तकांचं दुकान, वाचनालय ‘बिब्लिओतेका’. ‘कामेरा’ खोली. ‘काल्दो’ गरम. ‘बुर्रो’ लोणी. ‘पेपेरोनी’ ढोबळी मिरची. बारमध्ये नुसतं ‘लात्ते’ मागितलंत तर पेलाभर दूध येतं. जाममध्ये ‘प्रेझेर्वातीवी’ आहेत का, असं विचारू नका, ते कंडोम. शाकाहाऱ्यांनी ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणून थांबू नये. मासे आणि हॅम यांची वेगळी चौकशी करावी, कारण बऱ्याच जणांच्या लेखी ते ‘कार्ने’त येत नाहीत.

कोर्स हातातून निसटत असेल तर

हजेरीची अट आधी वाचा. अनेक भाषा केंद्रांत ठरावीक तास भरले नाहीत तर परीक्षेलाच बसता येत नाही. विद्यापीठातली तासिका पंधरा मिनिटं उशिरा सुरू होण्याची जुनी रीत आहे, तिच्या भरवशावर भाषेच्या वर्गाला उशिरा जाऊ नका; तो वेळेवर सुरू झालेला मी पाहिला आहे.

पुढे इथेच राहायचा विचार असेल तर ए-वनवर थांबून भागणार नाही. दीर्घ मुदतीच्या परवान्याला ए-टू लागतं आणि 2018 पासून नागरिकत्वाला बी-वन. त्यासाठी सिएनाची ‘चिल्स’, पेरुज्याची ‘चेली’ किंवा दान्ते आलिग्येरी सोसायटीची ‘प्लीदा’ यांपैकी परीक्षा देतात. कोर्सचा कागद तिथे चालेलच असं नाही.

दुकानदार तुमचा चेहरा बघून इंग्रजीवर येईल. तेव्हा न लाजता ‘स्तो इम्पारान्दो लितालियानो’ म्हणा, बहुतेक जण लगेच खुलतात. चीजच्या काउंटरवर नंबराची चिठ्ठी घ्या आणि वजन एत्तोमध्ये सांगा. एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. रोज एकदा असं काहीतरी विकत घ्या; आकडे आणि आर्टिकल तिथे जितके पक्के होतात तितके ॲपवर नाही.

शेवटी तोंडी परीक्षा, जिला आपली मुलं सगळ्यांत जास्त घाबरतात. नुसता लेखी सराव करून तिथे जाऊ नका. ‘मी पार्ली दी से’, स्वतःबद्दल सांगा, हा प्रश्न हमखास येतो. गाव, शिक्षण, घरची माणसं आणि गेल्या रविवारी काय केलं, एवढं मोठ्याने बोलून तयार ठेवा. प्रत्येक वाक्य ‘इओ’ने सुरू करू नका, ‘उद्या येतो’ म्हणताना आपण ‘मी’ लावत नाही, तसंच. प्रश्न कळला नाही तर ‘नोन ओ कापीतो, पुओ रिपेतेरे?’ विचारा. काही कोर्सना नुसतं उत्तीर्ण असा शेरा मिळतो. गुण देत असतील तर ते तीसपैकी, पास अठराला, आणि मिळालेले गुण पटले नाहीत तर बऱ्याच ठिकाणी ते नाकारून पुढच्या ‘आप्पेल्लो’ला, म्हणजे परीक्षेच्या पुढच्या फेरीला, पुन्हा बसता येतं.